करंज्यांचं पुडिंग

"उद्या सकाळी गाडी घेऊन येतो. तिचे कपडे भरून ठेव," विल्सनमामा फोनवर म्हणाला.

"कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे? तुझ्या मम्मीचे. जालन्याला आणतो तिला. आज काय खाल्लं तिनं?"

"चहा."

"चहा खातात का, एस्तेर?"

चहासुद्धा अर्धाच प्यायली होती, ते सांगितलंच नाही.

"किती दिवस नेणार?"

"बरी होईपर्यंत. पप्पांना सांग," म्हणून त्यानं फोन ठेवला.

आता मी दहावीत आहे आणि शाळेच्या स्टेजवर माझ्या हातात माईक दिला तर तो काढून घ्यायला शिपाईकाकांना यावं लागतं. तेव्हा सहावीत होते. 'मामा, तिला नेऊ नकोस' एवढं साधं वाक्य तोंडातून निघालं नाही. आमच्या वर्गातल्या श्वेताची आईसुद्धा 'जरा बरं वाटेपर्यंत' म्हणून माहेरी गेली होती. तेव्हा आम्ही चौथीत होतो. सहावीत आलो तरी श्वेताच्या वेण्या तिची आत्याच घालत होती, त्याही एक वर एक खाली.

पप्पा स्वयंपाकघरात होते. खिचडी खाली लागल्याचा वास घरभर झाला होता.

"मामा उद्या येतोय. मम्मीला न्यायला."

पप्पांनी उलथनं खाली ठेवलं. "मीच म्हटलं त्याला तसं."

"तुम्ही?"

"मग काय करू? माझी ड्युटी, तुझी शाळा सुरू होईल. इथं कोण बघणार तिच्याकडं? ती माझ्याशी बोलत नाही, तुझ्याशी बोलत नाही. चार घास खाल्ले असते तर म्हटलं असतं, नको येऊ बाबा."

"आज खाल्ले तर?"

"तर बघू." ते पातेल्याकडं बघत म्हणाले. "ही खिचडी तर मीसुद्धा खाणार नाही."

पप्पा वीज मंडळात वायरमन. वाऱ्यावादळात खांबावर चढणारा माणूस, पण त्या दिवसांत मम्मीच्या खोलीच्या दारापर्यंत जायचे आणि तिथूनच मागं फिरायचे. मम्मी भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. नाताळाच्या आधी तिला नगरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. टायफॉइड झालाय, असं पप्पांनी मला सांगितलं होतं. कंपाउंडात सगळ्यांना तेच सांगितलं होतं. ताप उतरला, आता नुसता अशक्तपणा आहे म्हणे.

अशक्तपणानं माणूस बोलायचं का बंद होतं, ते मात्र पप्पांना सांगता येत नव्हतं.

आणि आमच्या टेबलावर ताटांचा ढीग साचला होता. आमच्या मिशन कंपाउंडात नाताळला घराघरांतून ताटं फिरतात. करंज्या, शंकरपाळे, लाडू, केकचा तुकडा, कुणाकडून पुलावाचा डबा, वरून क्रोशाचा रुमाल. नियम एकच. आलेलं ताट रिकामं परत द्यायचं नाही. त्यात आपल्या घरचं काहीतरी घालायचं आणि मगच सलाम करून द्यायचं. दरवर्षी सगळ्यात आधी आमची ताटं निघायची. यंदा आमच्याकडं काही झालंच नव्हतं, त्यामुळं सगळ्यांची ताटं अडकून पडली होती. पुलाव आणि मटण पप्पांनी आणि मी पुन्हा पुन्हा गरम करून संपवलं. गोडाला मात्र कुणी हात लावला नव्हता. करंज्या मऊ पडल्या होत्या, केक वाळला होता.

"एस्तेऽर!"

त्रिभुवनकाकू. शेजारच्या घरातल्या. आवाज असा की चर्चची घंटा बंद पडली तरी चालेल. त्या रोज यायच्या आणि रोज एकच विचारायच्या.

"माझं ताट मोकळं झालं का गं?"

"नाही काकू. देते."

"देते देते करतेस, ईस्टर येईल. घाई नाही म्हणा. पण माझ्या सासूबाईंचं ताट आहे ते, काठाला नक्षीवालं." बोलता बोलता त्या दारातून आत, खोलीकडं मान लांब करून बघत होत्या. मला इतका राग आला! लोकांच्या घरात काय बघायचंय एवढं?

"आत्ताच नेते मी. दे असंच," त्या म्हणाल्या.

मी त्यांचं ताट रिकामं करायला घेतलं, आणि आतून आवाज आला.

"एस्तेर, ताट रिकामं देऊ नकोस."

पप्पांच्या हातातली वाटी तशीच राहिली. मम्मीचा आवाज ऐकून किती दिवस झाले होते! बसलेला, घोगरा, पण तिचाच.

काकू खोलीकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, "रिकामं मी घेणारच नाहीये रजनी! भरून दे, मग घेते!" आणि चपला वाजवत निघून गेल्या.

मी धावत आत गेले. "मम्मी, ताटांत काय घालू?"

"बघ काहीतरी."

"काय पण?"

पाठ तशीच. पण ती बोलली होती, मोजून सात शब्द, तरी बोलली होती, आणि माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. ताटांसाठी ती बोलते. म्हणजे ताटं भरली पाहिजेत. भरायला घरात दुसरं काही नाही, फक्त हाच सगळा गोडाचा ढीग आहे. आणि मम्मीच सांगायची की ती लहानपणी मिशनच्या बोर्डिंगमध्ये होती तेव्हा नाताळ झाला की मेट्रनबाई उरलासुरला केक, पाव, बिस्किटं सगळं एका मोठ्या भांड्यात कुस्करायच्या, दूध-अंडी घालायच्या आणि भट्टीत लावायच्या. घरी न गेलेल्या मुलींना ते गरम गरम मिळायचं. "ज्यांना न्यायला कुणी यायचं नाही ना, त्यांच्यासाठी असायचं ते," असं ती सांगायची, आणि सांगताना हसायची.

ते केलं तर ती खाईल. खाल्लं तर मामा येणार नाही. मला सगळं एकदम सरळ दिसलं.

"पप्पा, अंडी आणा."

"कशाला?"

"तुम्ही फक्त आणा!"

मी मोठी परात घेतली आणि एकेक ताट त्यात उपडं केलं. करंज्या कुस्करल्या. सारणातलं खोबरं, चारोळ्या, खसखस, सगळं खाली पडलं. शंकरपाळे भिजायला वेळ लागणार म्हणून बत्त्यानं फोडले. पारखेबाईंचा केक, कुणाचे बेसनाचे लाडू, कुणाचे रव्याचे. एका ताटात करंज्यांच्या तळाशी दोन तांबूस लाडू होते, बारीक बारीक बियांचे. नाचणीचे असतील म्हणून तेही फोडले. चिवडा मात्र मी अगदी शेवटच्या क्षणी वाचवला. परातीवर ताट तिरकं केलंच होतं, तेवढ्यात शेंगदाणा आणि कढीपत्ता दिसला.

पप्पा अंडी घेऊन आले आणि परातीत बघून उभेच राहिले.

"एस्तेर, हे खायचं आहे?"

"भाजल्यावर."

"बेटा, पण तिला जमेल का असलं... जड..."

"पप्पा, तुमची खिचडी खाऊन बघू का मी?"

ते एकदम हसले. मग हसल्याची लाज वाटल्यासारखे खोलीकडं बघून गप्प झाले, आणि बाही वर करून अंडी फोडायला बसले. टरफलाचे तुकडे काढत काढत आम्ही दूध ओतलं. मम्मीच्या केकच्या मोठ्या साच्याला आतून तूप चोपडलं. सगळं मिश्रण त्यात ओतलं तर रंग असा दिसला की माझा धीरच सुटला. पावसाळ्यात शाळेच्या मैदानाचा होतो तसा.

बेकरी कंपाउंडच्या मागच्या गल्लीत. नाताळाच्या आधी सगळ्या बायका तिथं केकचे साचे घेऊन रांग लावतात, पण नाताळ संपल्यावर साचा घेऊन आलेली मी एकटीच होते. बशीरचाचांनी वरचं फडकं बोटानं उचललं.

"काय गं हे? केकमध्ये केक?"

"पुडिंग आहे चाचा. पावांची भट्टी झाली असेल ना? त्याच उबेत लावायचं."

"ते मला शिकवू नको. गोड किती आहे यात? साखर जळते."

"सगळं गोडच आहे."

"मग मागच्या अंगाला ठेवतो, तिथं आच मंद आहे." त्यांनी लांब दांड्याच्या फळीवर साचा ठेवला आणि आत सरकवला. "मम्मी बरी आहे? यंदा आली नाही."

"बरी आहे," मी म्हणाले, आणि पुढं काही विचारतील म्हणून भट्टीच्या तोंडात डोकं घालून बघायला लागले.

"मागं हो! केस जळतील!"

मी मागं झाले, पुन्हा पुढं गेले. आत नुसता लालसर अंधार. फुगलं नाही तर? चिकट झालं तर? मम्मीनं एक घास घेतला आणि थुंकून टाकला तर? मामाची गाडी डोळ्यांपुढं येत होती. निळी, मागच्या काचेवर 'येशू माझा मेंढपाळ' लिहिलेली. त्या काचेतून मम्मी मागं वळून बघेल की नाही, असला विचार मी करत होते आणि चाचा तिकडं पावाच्या लाद्या मोजत गाणं गुणगुणत होते.

मग वास आला. आधी तूप, मग वेलदोडा, मग भाजल्या खोबऱ्याचा. चाचांचं गाणं थांबलं.

"अरे," ते म्हणाले. "जमलं की."

साचा बाहेर आला तेव्हा पुडिंग वरून तांबूस, कडा किंचित करपलेल्या आणि मध्ये थरथरत होतं. मी फडक्यात धरून पळत घरी आले. पहिला तुकडा बशीत काढून मम्मीच्या उशाशी नेला. वाफ निघत होती.

"मम्मी, बघ. बोर्डिंगचं पुडिंग."

तिनं डोळे उघडले, बशीकडं बघितलं. मला वाटलं, झालं. पण ती म्हणाली, "नको बाळा. आधी ताटं देऊन ये."

"एक घास घे ना."

"देऊन ये."

आणि पुन्हा भिंत.

मी वड्या पाडल्या. ताटं धुऊन पुसून प्रत्येकात मोठी मोठी वडी, वर ज्याचा त्याचा रुमाल. एक एक घर करत सुटले. "सलाम मावशी, हे ताट." "सलाम काका." कुणी म्हणालं, "मम्मी उठली वाटतं!" कुणी वास घेऊन डोळे मिटले. माझा जीव जरा भांड्यात पडला.

पारखेबाई आणि त्रिभुवनकाकू अंगणात उन्हाला बसल्या होत्या. मी दोघींना दोन ताटं दिली. काकूंनी तिथंच रुमाल बाजूला केला, वडी मोडली आणि तोंडात टाकली.

चावता चावता थांबल्या.

"एस्तेर."

"हं?"

"ही माझी करंजी आहे."

मी वाकून त्यांच्या हातातल्या वडीकडं बघितलं.

"चारोळी आणि खसखस एकत्र भाजून मी घालते. कंपाउंडात दुसरं कुणी घालत नाही. माझी करंजी मोडून मला दिलीस?"

"थांबा, थांबा," पारखेबाई वडी उन्हात धरून बघत म्हणाल्या. "हा तर माझा केक! हे बघा टूटीफ्रूटी! ज्याचं ताट त्यालाच परत!" त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यांना पुरावा सापडला की फार आनंद व्हायचा.

तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शप्पथ. ज्याचं त्यालाच मिळतंय, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आणि आता कंपाउंडातलं प्रत्येक घर आपापल्या करंज्या ओळखत बसलं असणार. दुसऱ्याचं फराळाचं त्यालाच वाढणं! आमच्याकडं यापेक्षा ताट रिकामं गेलेलं परवडलं.

"तुझ्या आईला दाखवते," काकू म्हणाल्या आणि ताट हातात घेऊन उठल्या.

"काकू नको! काकू, मी केलंय, तिला काही माहीत नाही! ती आजारी आहे!"

काकू थांबतायत कशाच्या. मी त्यांच्या पदराला धरून अक्षरशः ओढले गेले. दारात पप्पा आडवे आले. "काकू, तिला झोपू द्या, टायफॉइडनं..."

"सरक रे," काकू म्हणाल्या आणि थेट खोलीत.

"रजनी! तुझी लेक बघ. सगळ्या कंपाउंडाचं फराळाचं मोडून, शिजवून, सगळ्या कंपाउंडाला वाटून आली. माझी करंजी मलाच!"

संपलं, मला वाटलं. कंपाउंडात मम्मीला मान खाली घालायची वेळ आली, आता ती उद्या स्वतःच मामाच्या गाडीत जाऊन बसेल.

मम्मी वळली. हातांवर भार देत हळूहळू उठून बसली. केस विस्कटलेले, ओठ फुटलेले.

"बघू," ती म्हणाली.

काकूंनी ताट तिच्या मांडीवर ठेवलं. मम्मीनं एक तुकडा मोडला. तोंडात घातला. मी तिच्या जबड्याकडं बघत होते. चावला. गिळला.

"तुमचीच," ती म्हणाली. "चारोळी."

"मग!"

"हा पारखेबाईंचा केक. साखर कमी, नेहमीसारखी." दुसरा तुकडा. "बेसन पास्टरबाईंचं. थोडं कच्चं राहतंच त्यांचं." तिसरा. ती एकेक घर ओळखत होती आणि खात होती. दारात पप्पा उभे. मी मनातल्या मनात म्हणत होते, अजून एक, अजून एक.

मग ती थांबली. बोटावर काहीतरी घेऊन बघितलं. तांबडी, भिजून फुगलेली बारीकशी बी.

"अळीव," ती म्हणाली.

तिनं ती बी काकूंपुढं धरली.

"अळिवाचे लाडू कुणी दिले?"

काकू खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांचा आवाज एवढा लहान होतो हे मला माहीतच नव्हतं.

"मीच. दोनच केले होते. करंज्यांच्या खाली ठेवले, कुणाला दिसायला नकोत म्हणून. म्हटलं, ताट तू मोकळं करशील तेव्हा तुझ्या हाताला लागतील."

"काकू, अळीव तर..."

"बाळंतिणीला देतात. माहितीये मला." काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पोट नीट दिसायच्या आतच गेलं, मूल हातात आलं नाही म्हणून काय झालं? अंग तर बाळंतिणीचंच असतं ना. तू रिक्षातून उतरलीस तेव्हाच मला चालीवरून कळलं. टायफॉइडनं असं नाही चालत माणूस. मी दोनदा चालले आहे तशी."

पप्पा दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले.

"मग विचारलं का नाही?" मम्मी म्हणाली.

"काय विचारणार? तुमचा टायफॉइड चाललेला. रोज ताटाच्या निमित्तानं येत होते, म्हटलं, एकदा तरी हाक मारेल."

मम्मी रडायला लागली. तसं रडणं मी तोवर ऐकलं नव्हतं, आवाज करून, तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखं. मी घाबरून पुढं झाले, तर काकूंनी हातानं मला थांबवलं. "रडू दे. एवढे दिवस कोंडून ठेवलंय." आणि मम्मी रडत रडत मध्येच ताटातला तुकडा उचलून खात होती, ते बघून मला हसू आणि रडू एकदमच आलं.

बऱ्याच वेळानं तिनं मला जवळ ओढलं.

"बहीण होती तुझी," ती म्हणाली.

मी तिच्या दंडाला नाक घासत बसले. तिच्या अंगाला दवाखान्याचा वास येत होता अजून.

पप्पांनी संध्याकाळी मामाला फोन केला, की तिनं खाल्लंय, येऊ नको. पण मामा कसला ऐकतो. "एक दिवस खाल्लं म्हणजे काय झालं?" म्हणाला, आणि सकाळी निळी गाडी फाटकाशी उभी राहिली. तो हॉर्न ऐकला आणि मी बाहेर धावले.

अंगणात उन्हात मम्मी पाटावर बसली होती. मागं त्रिभुवनकाकू, पदर खोचून, कोमट तेल तिच्या टाळूवर जिरवत होत्या. अगदी उघड्यावर, सगळ्या घरांच्या खिडक्यांसमोर.

"ताई, चल. तयारी झाली?" मामा म्हणाला. मग तेल बघून गोंधळला. "हे काय चाललंय?"

मम्मीनं मान वर केली, पण तिच्या आधी काकूच बोलल्या, त्या नेहमीच्या घंटेच्या आवाजात.

"ती कुठं जात नाही. सव्वा महिना इथनं हलायची नाही. बाळंतीण आहे ती."

पारखेबाई दारात येऊन थांबल्या. कुठल्यातरी खिडकीतली भांड्यांची खळखळ बंद झाली. मामानं पप्पांकडं बघितलं. मला वाटलं, पप्पा आता पुन्हा टायफॉइड म्हणतील. पण ते मम्मीशेजारी जाऊन उभे राहिले.

मामा गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाला, "पण काकू, बाळंतपण तर माहेरी करतात ना?"

"पहिलं," काकू म्हणाल्या. "हे दुसरं आहे."

मम्मीचे डोळे मिटलेले होते. तेल कपाळावर ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही.

मामानं गाडीची किल्ली खिशात टाकली, बाह्या वर केल्या आणि मला विचारलं, "अंघोळीचं पाणी कुठं तापवायचंय?"